दुसऱ्या महिन्यातला हात

दैवशाला म्हंजे आडाच्या पलीकडं राहणाऱ्या रामकिसनची थोरली सून. परतूर तालुक्यातलं आपलं गाव काय लई मोठं न्हाई, पण तिच्याएवढा कापूस येचणारी बाई पंचक्रोशीत सापडायची न्हाई. दोन्ही हातानं येचती. डावा हात एका बोंडावर, उजवा दुसऱ्यावर, आन तोंड तिसऱ्याच बाईसंग चालू. तिच्या वळीला लागायचं म्हणलं की बाया भांडायच्या, कामून की हसू-हसू दिवस कवा सरला कळायचं न्हाई. आता तिच्या वळीला कुणी लागलं तर नुसता पाल्याचा आवाज येतो. म्हणून सांगते, लिही. ती अशी नव्हती.

तिला आधी दोन पोरी. थोरली प्रीती, धाकटी अक्षता. थोरलीच्या येळेला सासूनं, झुंबरबाईनं, गल्लीभर जिलेबी वाटली. पहिली बेटी धनाची पेटी म्हणून कौतुकबी केलं. दुसरीच्या येळेला काहीच वाटलं न्हाई. वाईटबी बोलली न्हाई बरं का झुंबरबाई. नुसती बाळंतिणीचा काढा आणून ठिवायची आन भिंतीकडं बघत बसायची. नवरा अंगद तर गरीब माणूस, दोन शब्दाच्या वर बोलत न्हाई. पण लग्नाकार्यात दुसऱ्याचं पोरगं खांद्यावर घेऊन नाचायला लागला की दैवशाला मांडवाच्या बाहेर येऊन उभी राहायची. तिला कुणी काही म्हणलं न्हाई, ह्येच तिला जास्त लागलं.

तिसऱ्या येळेला दिवस गेले तवा तिनं ठरवलं. तिच्या मामाच्या पोरीनं सांगितलं होतं की आष्टीच्या पलीकडं एका वस्तीवर तुळजाबाई म्हणून हाय, ती पोरगा होयाचं औषध देती. लोक लांबून लांबून येतात. मंग माहेराला जाते म्हणून दैवशाला घरातून निघाली आन गाडी बदलून तिकडं गेली. कुणालाच सांगितलं न्हाई. सांगायचंच नसतं ते. तुळजाबाईनं काळ्या गोळ्या दिल्या, गुळात घालून. म्हणली, दुसरा महिना हाय तवरच गुण येतो, नंतर घेऊन फायदा न्हाई. गोऱ्हा, म्हंजे नर वासरू, खाली असलेल्या गाईच्या दुधासंग घ्यायच्या, तीबी एकरंगी गाय पाहिजे. तांबडं फुटताना उगवतीकडं तोंड करून, कुणाशी बोलायच्या आत. आन बाळंत होईस्तवर कुणापाशी तोंड उघडायचं न्हाई. बोललं की गुण जातो.

तसंच केलं तिनं. दूध मागताना शेजारणीला म्हणली, पोरींना खोकला झालाय. पाऊसपाण्याचे दिवस, कपाशीला पहिली खुरपणी चालू होती. गोळी घेतली की दिवसभर तोंडाला कडू पाणी यायचं. तिला वाटलं, कडू हाय म्हंजे लागू पडून राह्यलंय.

मंग आली दिवाळी. त्या साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सांजच्याला ग्रहण लागलं होतं, गावात सगळ्यांच्या ध्यानात हाय ते. दैवशालाला पाचवा महिना. झुंबरबाईनं तिला आतल्या खोलीत बसवलं. चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, सुई-दोरा धरायचा न्हाई, नीट मांडी घालून बसायचं. पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापलं की लेकराला छेद जातो, असं आपल्याकडं समदे मानतात. बसली बिचारी. पण मागं म्हैस वरडून राह्यली. दुपारपासून तिला कुणी चाराच टाकला न्हाई, समदे ग्रहणाच्या गडबडीत. मुक्या जिवाचं वरडणं तिला ऐकवलं न्हाई. मागच्या दारानं गेली, इळा घेतला, मक्याचे चार धाटं कापले आन टाकले म्हशीपुढं. वळून बघती तर दारात झुंबरबाई.

फाल्गुनात बाळंत झाली, परतूरच्या दवाखान्यात. पोरगा. पण नर्सबाईनं लेकरू दाखवलं ते दुपट्यात गच्च गुंडाळून, आन तोंडावर हसू न्हाई. दैवशालानंच दुपटं सोडलं. उजवा हात चांगला, मूठ वळलेली. डावा कोपराच्या खाली चार बोटं येऊन थांबला होता. पंजा न्हाई. टोकाला बारीक बारीक मांसाचे दाणे, ज्वारीच्या दाण्यावाणी, वळीनं लागलेले.

झुंबरबाईनं दाणे बघितले न्हाईत. तिनं खुंटला हात बघितला आन तिथंच कपाळावर हात मारून घेतला. म्हणली, "इळा मारलास गं माझ्या नातवाला."

तवापासून घरात तेच चालू झालं. लेकराचं नाव आर्यन ठिवलं. आर्यन रडला की इळा. अंगडं घालताना बाही लोंबली की इळा. पाहुणे आले की झुंबरबाई पाणी देता-देता सांगायची, म्हशीची कीव आली हो आमच्या सुनेला, पोटच्याची न्हाई आली. अंगद ऐकायचा आन बाहेर निघून जायचा. दैवशाला खाली मान घालून भाकऱ्या थापायची. कापलं तर होतंच. समद्या गावानं ग्रहण पाळलं, तिनं पाळलं न्हाई. तिचंबी मन तेच म्हणत होतं. म्हशीला चारा टाकायचं तिनं सोडून दिलं, अंगद टाकायचा.

लेकरू दोन वर्षाचं होत आलं तवा अंगणवाडीत तपासणीची गाडी आली. त्यांनी आर्यनला बघून जालन्याला मोठ्या डॉक्टरकडं जायला सांगितलं. म्हणले, हाताला काही बसवता येतं का ते बघतील. अंगद, दैवशाला आन लेकरू परतूरहून सकाळच्या गाडीनं गेले.

डॉक्टरीणबाई बदनापूरकडली होती, ज्योत्स्ना नावाची. वय काय लई नसंल. आपल्यावाणीच बोलायची. तिनं आर्यनला मांडीवर घेतलं, खुंटल्या हाताला हात लावला, ते दाणे एक एक करून बघितले. लेकराला गुदगुल्या झाल्या, ते हसायला लागलं. मंग तिनं विचारलं की घरचे काय म्हणतात, कशानं झालं. अंगदनं आयुष्यात पहिल्यांदा लांब उत्तर दिलं. ग्रहण सांगितलं, म्हैस सांगितली, इळा सांगितला. दैवशाला भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत राह्यली.

डॉक्टरीणबाई तिला म्हणली, ताई, हिकडं बघा. मंग आर्यनचा चांगला हात धरून तिनं समदं सांगितलं. दैवशालाला ते अजून तोंडपाठ हाय, तिच्याकडूनच ऐकलं म्या, बसल्या-बसल्या कैक बारी.

पोटातलं लेकरू वाटाण्याएवढं असतं ना, तवाच त्याच्या कुशीला हाताचा कोंब फुटतो. कोंबाच्या शेंड्याला बारीक कड असती. ती कड तिच्या खालच्या जिवांना सारखा निरोप देत राहती की थांबू नका, वाढत राहा. आपलं अंग बारीक बारीक जिवांचं असतं म्हणे, पेशी म्हणतात त्यांना, आन त्या एकमेकींसंग बोलत असतात. तोंडानं न्हाई, एक रस सोडतात, दुसरीला तो लागला की तिला कळतं आपण काय करायचं ते. आधी दंड होतो, मंग कोपर, मंग मनगट, शेवटाला बोटं. कडेचा निरोप मधीच बंद पडला की जिथवर हात आला तिथंच थांबला. डॉक्टरीणबाई म्हणली, तुम्ही कपाशीचा शेंडा खुडता ना, मंग झाड उंच जातं का? दैवशाला म्हणली, न्हाई जात.

आन बोटाचं तर अजून नवल. कोंबाच्या करंगळीकडल्या अंगाला एक जागा असती, तिथून दुसराच रस सुटतो. घरात फोडणी दिली की चुलीपाशी बसलेल्याला ठसका लागतो, वट्यावरच्याला नुसता वास येतो, आन गल्लीतल्याला कळतबी न्हाई. तसं. ज्या पेशींना तो रस जास्त लागला त्यांची करंगळी होती, कमी लागला त्यांची मधली बोटं, आन जिथवर पोचलाच न्हाई तिथं अंगठा. आधी समदं वल्हवायच्या फळीवाणी चपटं असतं. मंग बोटांच्या मधल्या पेशींना निरोप जातो की आता तुम्ही मरा. त्या मरतात, तवा बोटं सुटी होतात. दैवशालाला त्याचंच लई वाईट वाटलं. लेकराच्या हातासाठी आतल्या आत कोण कोण मरतं, आन आपल्याला खबर न्हाई.

मंग डॉक्टरीणबाईनं खरी गोष्ट सांगितली. म्हणली, हे समदं दुसरा महिना सरायच्या आत होऊन जातं. तुम्ही इळा धरला तवा पाचवा महिना होता. तवर हात जसा व्हायचा तसा होऊन गेल्ता. ग्रहणानं आन इळ्यानं कुणाचा हात जात न्हाई. हे दाणे बघा, ही बोटंच हायत, व्हायला निघालेली आन मधीच राह्यलेली. कुणी कापलं असतं तर हे दाणे राह्यले नसते.

अंगदच्या डोळ्याला पाणी आलं. त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठिवला, चार माणसात. लग्न झाल्यापासून ठिवला नव्हता. आन दैवशाला? तिला येवढं मोकळं वाटलं की ती उठून बाईच्या पाया पडणार होती. पण उठता-उठता तिच्या ध्यानात आलं, दुसरा महिना. दुसऱ्या महिन्यात काय होतं? खुरपणी होती. तांबडं फुटायचा टाइम होता. दूध होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईनं विचारलंच, कागदावर लिहिता-लिहिता, साधं विचारावं तसं, "त्या दिवसांत काही औषध घेतलं होतं का ताई? गोळी, झाडपाला, कुणी दिलेलं काही?"

अंगदचा हात तिच्या खांद्यावरच होता.

"न्हाई," दैवशाला म्हणली.

बाई म्हणली, कधी कधी औषधानं होतं असं, आन लई येळा कारण सापडतच न्हाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शेवटाला हेबी म्हणली की पोरगा का पोरगी ते तर पहिल्याच दिवशी ठरून जातं, ते कुणाच्या गोळीनं बदलत न्हाई. ते तिनं कामून म्हणलं, देव जाणे. दैवशालाच्या तोंडाकडं बघूनच म्हणली असंल. हात बसवायचं जरा मोठा झाल्यावर बघू, म्हणली, पुन्हा घेऊन या.

गाडीत अंगद बोलतच होता. कोंब सांगितला, कड सांगितली, फोडणी सांगितली, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाबी सांगितली. दैवशाला आर्यनला छातीशी धरून बसली. आर्यन खुंटल्या हातानं तिच्या मंगळसूत्राशी खेळत होता. ग्रहणाचं पाप चुकून झालं होतं, म्हशीची कीव येऊन. गोळी तर तिनं स्वतः गाडी बदलून, हातानं तोंडात घातल्ती.

घरी अंगदनं आईपुढं समदं सांगितलं. झुंबरबाई आधी ऐकंना. मंग दाणे बघितले, दोन वर्षात पहिल्यांदा, खिडकीपाशी नेऊन बघितले. बोटं हायत गं माय ही, म्हणली, आन रडली. त्या दिवसापासून इळ्याचं नाव घरातून गेलं. म्हातारी सुनेच्या डोक्याला तेल लावायला लागली. एकदा तेल लावता-लावता म्हणली, "उगं बोलले मी तुला. तुझा काही गुन्हा नव्हता, लेकरा."

दैवशाला म्हणायची, शिव्या देत होती तेच बरं होतं. त्या तेलानं डोकं भाजायचं माझं.

असेच दिवस गेले. मंग धाकट्या दिराला, शिवाजीला, एक पोरगी होती, त्याच्या बायकोला, संध्याला, पुन्हा दिवस गेले. संध्या बारावी शिकलेली, मोबाइल हातात, दैवशालाला अक्का म्हणती. एक दिवस सकाळच्या पारी दैवशाला आडावर गेल्ती. बघती तर संध्या शेजारणीच्या गोठ्यातून पदराखाली चंबू झाकून आणून राह्यली. विचारलं तर म्हणली, पोरीला खोकला झालाय अक्का.

दैवशालाच्या हातातली घागर आडाच्या कट्ट्यावर आदळली. त्या गोठ्यात तांबडी गाय होती, आन तिच्याखाली गोऱ्हा.

तिनं संध्याला तिथंच धरलं. कुणाकडून आणलं ते विचारलंबी न्हाई, आधी आपलंच सांगितलं. काळ्या गोळ्या, गूळ, उगवतीकडं तोंड, कुणाशी बोलायचं न्हाई. डॉक्टरीणबाई काय म्हणली ते सांगितलं. कोंब, कड, दुसरा महिना. तुझ्या लेकराचा हात आता होऊन राह्यलाय बाई, ह्याच दिवसात, तू जेवतीस, झोपतीस तवाबी होऊन राह्यलाय, त्याला होऊ दे. पाया पडते, टाकून दे ते.

संध्यानं चंबू काही खाली ठिवला न्हाई. तिच्या तोंडाकडं बघत राह्यली आन मंग हळूच म्हणली, "पण अक्का, तुम्हाला पोरगा झाला ना."

दैवशालानं घागर तिथंच सोडली. तशीच घरात आली आन समद्यांपुढं बोलून टाकलं. सासरा रामकिसन चहा पीत होता, अंगद चप्पल घालत होता, झुंबरबाई तांदूळ निवडत होती. म्हणली, म्या औषध घेतल्तं. पोरगा व्हावा म्हणून घेतल्तं. त्यानंच गेला असंल हात. डॉक्टरीणबाईला मी खोटं बोलले. संध्याबी तेच घेऊन राह्यली, तिला आवरा.

अंगद एक चप्पल घालून, एक तशीच सोडून बाहेर गेला. तीन दिवस तिच्याशी बोलला न्हाई. तिला ते चाललं असतं. जन्मभर न्हाई बोलला असता तरी चाललं असतं, संध्याला आवरलं असतं तर.

पण झुंबरबाईनं सूप खाली ठिवलं. डोळे पुसले. मंग तिनं विचारलं, "कुणाचं औषध होतं? आष्टीकडल्या तुळजाबाईचं का?"

दैवशालाला वाटलं, म्हातारी आता तुळजाबाईच्या नावानं खडे फोडंल. म्हणली, व्हय.

झुंबरबाई म्हणली, "म्हंजे पोरगा औषधानं दिला. आन हात ग्रहणानं नेला."

बघ आता. दोन वर्षाचा वनवास, जालन्याचा दवाखाना, कोंब, शेंडा, फोडणी, समदं त्या एका बोलण्यात वाहून गेलं. दैवशाला लई बोलली. गोळीनं पोरगा होत न्हाई म्हणली, ते पहिल्याच दिवशी ठरतं म्हणली, ग्रहण तर पाचव्या महिन्यात होतं म्हणली. रामकिसन म्हणला, डॉक्टरला औषध घेतलंच न्हाई म्हणून सांगितलंस, मंग डॉक्टरनं त्याच हिशेबानं सांगितलं असंल, ते काय धरून चालायचं? अडाणी माणसानं बोललेलं, पण तिच्याच खोट्यावर उभं राहून बोललेलं. शिवाजीला म्हणली तर तो हसला. म्हणला, वहिनी, ह्या साली ग्रहणाला आम्ही तिला खोलीत कुलूप लावून ठिवतो, मंग तर झालं?

संध्यानं समद्या गोळ्या घेतल्या. शेवटच्या गोळीला तर झुंबरबाईनंच दूध आणून दिलं.

तेवढ्यावर राह्यलं असतं तरी एक होतं. गोष्ट गल्लीत गेली, गल्लीतून गावात. बाया यायला लागल्या. कुणी साखर घेऊन, कुणी नुसतीच, पदर तोंडाला लावून. दैवशाला त्यांच्यापुढं आर्यनची बाही वर करायची, हात दाखवायची. बाया चुकचुक करायच्या, लेकराच्या गालाला हात लावायच्या, आन मंग हळूच विचारायच्या, वस्ती नेमकी कुठं हाय, कोणत्या फाट्याला उतरायचं. तिनं सांगितलं न्हाई की म्हणायच्या, बघा कशी हाय, आपल्याला झाला, दुसऱ्याला होऊ देईना. तुळजाबाईकडं जाऊन हातापाया पडावं, कुणाला देऊ नको म्हणावं, म्हणून एकदा ती निघालीबी. तिथं अंगणात बाया बसल्या होत्या. तुळजाबाई त्यांना सांगत होती, त्या रामकिसनच्या घरी जाऊन बघा, दोन पोरींवर पोरगा दिलाय म्या. दैवशाला दारातून माघारी आली. तिला भांडताबी आलं न्हाई. काय म्हणून भांडणार? पोरगा तर होताच.

आर्यन मातर गुणाचा. एका हातानं टोपण उघडतो, खुंटल्या हाताखाली पाटी धरतो. बहिणी त्याला भाऊराया म्हणतात. आपल्या हाताची गोष्ट त्याला अजून कळली न्हाई.

मागल्या आठवड्यात संध्याची ओटी भरली, सातवा महिना. मीबी गेल्ते. हिरवी साडी, हिरवा चुडा, नारळ, समदं रीतसर. संध्याचं तोंड तेवढं उतरलं होतं. तिनं पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला, मशीनखाली जायचं टाळलं होतं. तुळजाबाईनं सांगितलं होतं म्हणे, मशीनखाली झोपलं की औषधाचा गुण उतरतो. दैवशालानं लई सांगितलं होतं जा म्हणून. गेली न्हाई.

ओटी भरून झाली की पोटुशीच्या मांडीवर पोरगा बसवतात, ठाऊक हाय ना तुला. बाया म्हणल्या, आर्यनलाच बसवा, त्याच्याच पायगुणाचं हाय हे. झुंबरबाईनं त्याला उचललं. डावी बाही टोकापर्यंत वढली, दाणे झाकले, आन बसवलं संध्याच्या मांडीवर. बायांनी अक्षता टाकल्या. कुणीतरी फोटो काढला. दैवशाला चुलीपाशी उभी होती, उलथणं हातात धरून.

आर्यन मांडीवर चुळबुळ करायला लागला. संध्यानं त्याला सावरायला हात घातला तो नेमका त्या बाहीवर पडला. बाहीच्या आत तिला ते लागलं. तिनं हात काढला न्हाई. बाया गाणं म्हणत होत्या आन ती बाहीवरून बोटं फिरवत राह्यली, दाणे मोजावं तशी. तोंड पार पांढरं पडलं. मंग तिनं मान वर करून दैवशालाकडं बघितलं. समद्यात बसून, व्हट हलतील तेवढंच बोलली.

"अक्का, असंल ना हो हात?"

आता भिऊन काय उपयोग? जे व्हायचं होतं ते आडावरच्या त्या दिवसातच होऊन गेल्तं. आता नुसतं बाहेर यायचं राह्यलंय. दैवशालानं हो म्हणावं म्हणून तोंड उघडलं. आन तशीच ती चुलीकडं वळली. तव्यावरली पोळी करपून चालली होती, ती तिनं उलटली न्हाई.